टेमघरच्या खोलीतली बारा माणसं

प्रिय माधवी,

पत्र बघून हसशील. मेसेजला चार-चार दिवस उत्तर न देणारी हफसा चक्क कागद-पेन घेऊन बसली आहे. पण आज मी फार खूश आहे, आणि जे सांगायचंय ते फोनवर मला जमलं नसतं.

कॉलेजात कांद्याच्या मुळाची स्लाइड तुझी सुरेख व्हायची आणि मी नुसत्या काचा फोडायचे. शास्त्रज्ञ व्हायला हवी होतीस ती तू. पण तुझं लग्न झालं आणि पुण्याला गेले मी. तिथे तीन वर्षं क्षयाचे जंतू वाढवले. महिनाभर वाट बघावी आणि बशीत बुरशी उगवावी! वैतागून कॉम्प्युटर शिकले. आता माझी प्रयोगशाळा म्हणजे पडद्यावरची भिवंडी. कोण कुठे झोपतो, कुणाजवळ किती तास असतो, हे आकडे घालायचे आणि आजार कुठवर पोचेल त्याचा अंदाज बांधायचा. या कामात मी अगदी रमले गं.

त्यातले टेमघरच्या लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या खोल्यांचे आकडे तू आमच्या सर्व्हेसाठी दारोदार फिरून आणलेले. आणि तुलाच ‘फॉर्म घरी बसून भरते’ म्हणून सर्व्हेवरून काढलं. तू राहनाळच्या गोदामात पॅकिंगला लागलीस. मला मात्र वर्षभर ते खुपतंय.

माझं मॉडेलही वर्षभर चुकतच होतं. दवाखान्यात रुग्ण जितके, त्याच्या निम्मेच माझ्या पडद्यावर. ईदला घरी आले तेव्हा अब्बांना सहज विचारलं, सहा गाद्यांच्या खोलीत बारा माणसं राहतील कशी? ते पोट धरून हसले. म्हणाले, “अगो, एक शिफ्ट उठते, दुसरी त्याच गादीवर झोपते. गादी थंड होते कुठं?” लूमवाल्याची पोरगी मी, आणि हे मला ठाऊक नाही! उंटावरून शेळ्या हाकत होते. तुझे मूळ आकडे परत घातले, तर पडद्यावरची भिवंडी खऱ्या भिवंडीसारखी खोकायला लागली. मी खुर्चीतून उठून नाचले.

माधवी, ती तक्रार माझी होती. तुझ्या बारांचे मी सहा केले आणि वर सर्व्हेच्या साहेबांना लिहिलं, की सात नंबरची बाई खोटे फॉर्म भरते. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर; सात नंबर म्हणजे तू, हे नंतर कळलं. तरी लाजेनं गप्प बसले. काल त्यांना लेखी कळवलं, की खोटी मी ठरले, सात नंबर खरी आहे. तू हो म्हणालीस तर पुढच्या महिन्यापासून तुला परत घेताहेत, आणि शोधनिबंधावर तुझं नाव माझ्या आधी आहे. त्यांचा फोन येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. शनिवारी दापोड्याला तुझ्या घरी येते. जेवायला घालू नकोस हवं तर, पण शिव्या समोरासमोर दे.

तुझीच,
हफसा