चिमूटभर सुकट

आई, तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता यायचं नाही, आणि मी तर घरातच असायचे. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. पण लोणावळ्याची ती खोली लख्ख आठवते, आणि भिंतीकडे तोंड करून निजलेली तू. दिवस दिवस झोपायचीस, उठलीस की चार-चार भाकरी खायचीस आणि म्हणायचीस, हातापायांत कुणी वाळू भरल्यागत झालंय. शेजारणी म्हणायच्या, हिला काय धाड भरलीय, जेवते तर चांगली. दर रविवारी मात्र पोटासाठी उठून तू बाजारात सुकटीची पाटी मांडायचीस आणि गिऱ्हाइकांशी हसून बोलायचीस. म्हणजे सगळं सोंग, असं लोकांनी ठरवून टाकलं. मीही त्यांच्यातलीच. सोमवारी तू उठत नसायचीस तेव्हा मी मुद्दाम भांडी आपटायचे.

मी अकरावीला असताना पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजारच आहे. काही चांगलं घडलं की माणूस तेवढ्यापुरतं हसतं आणि पुन्हा खचतं. त्यांनी आधी दिलेल्या गोळीने दोन महिन्यांत तुझं नुसतं तोंड कोरडं पडलं होतं. ते म्हणाले, दुसरी एक गोळी आहे, अशा आजाराला ती जास्त लागू पडते. पण ती चालू असताना सुकट, बोंबील, असलं खारवलेलं-वाळवलेलं काही जिभेवरही ठेवायचं नाही. रक्तदाब एकदम चढून जिवावर बेतेल. नाहीतर आधीचीच वाढवून देतो. काय ते ठरवा.

सुकट विकणारी बाई आधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकते, कचकच नाही, कडवट नाही हे दाखवते, तेव्हा कुठे गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं, हे त्या डॉक्टरांना काय माहीत.

"म्या न चाखता इकली तर कोन घेईल?" तू म्हणालीस. मग माझ्याकडे वळलीस. "तू बसशील का गं माज्याजवळ? तू चाखशील. मला ती दुसरी गोळी घ्यायचीय. मला उटायचंय."

मी म्हणाले, माझा अभ्यास बुडेल.

"मंग ऱ्हाऊ द्या, डाक्टर. हाय तीच वाढवून द्या."

ती वाढवलेली गोळी घेऊन तू पाच वर्षं तशीच निजून राहिलीस, शेवटच्या तापापर्यंत. दुसऱ्या गोळीने तू उठली असतीस का, कोण जाणे. पण ते बघायची वेळच मी येऊ दिली नाही, आणि हे मला आजही गिळवत नाही.

हे पत्र घडी करून मी ट्रंकेत ठेवणार आहे. अभ्यासाचं खोटं होतं, आई. वर्गातल्या मुली आयांबरोबर बाजारात यायच्या, त्यांच्यासमोर तोंडात सुकट टाकायची मला लाज वाटत होती. रविवारी मी मैत्रिणीकडे पत्ते खेळायचे, ते तुला ठाऊक होतं. तरी रविवारी कसला गं अभ्यास, असं तू मला एकदाही विचारलं नाहीस.