एकास बाराचा उतार

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
ठरलं. आचलच्या शाळेला रॅम्प मी बांधणार. अकोल्यात माझ्याइतकं माप पाळणारा वेल्डर दुसरा नाही, हे शेजारच्या वेल्डिंग-दुकानाचा खुशालरावही मानतो. (तोंडावर नाही.) मी दहावी नापास. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. सगळं स्वतः शिकलो.
कारण लिहून ठेवतो. आचल तिसरीत. डावा पाय जन्मापासून कमजोर, लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून काठीनं चालते. शाळेचं जोतं उंच, पाच पायऱ्या. वर्षभर मीच तिला कडेवर घेऊन चढवतो. पोरं ओरडतात, पार्सल आलं, पार्सल आलं! लाडानं म्हणतात. मीही हसतो. आचल हसत नाही. झोप पुरी होत नसेल.

५ फेब्रुवारी
जोतं लेव्हल-ट्यूब लावून तीन वेळा मोजलं. ८५ सेंमी. सरकारी पुस्तिका फोनवर उतरवून एकट्यानं वाचली. उतार एकास बारा. म्हणजे लांबी १० मीटर २०. फाटकापर्यंत जागा ८ मीटर ४०. सबब एक वळण. रेलिंग ९० सेंमी.
मुख्याध्यापिका सत्यवती मॅडमनी परवानगी दिली. आचलला विचारलंत का, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, हे इंजिनिअरिंग आहे. परवानगीवर शिक्का मारून कागद पुढे सरकवला. पटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
रागिणीनं पुन्हा अमरावतीच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंचा विषय काढला. साफ नाही म्हटलं. व्हिडिओ बघून मी स्वतः व्यायामाचा तक्ता केला आहे. तीन रंगांत. भिंतीवर आहे. बायको असून तिला तो दिसत नाही.
आश्चर्य म्हणजे वाद घातला नाही. दुपारच्या एसटीनं दोघी अमरावतीलाच गेल्या, पण बहिणीकडे. आता दर शनिवारी जातो म्हणे, आरतीले लेकराची आठवण येते. जा म्हटलं. नाती जपली पाहिजेत.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
दोघी आल्या. आचल जेवतानाच पेंगली. मावशीकडे एवढं काय खेळते? पायाला मलमाचा वास. आरतीकडे डास फार असावेत.
तक्त्याप्रमाणे व्यायाम : आठवड्यात एक दिवस. कारण : मी लोखंड आणायला गेलो होतो.

२४ फेब्रुवारी
सांगाडा उभा. वर चौकडीची जाड प्लेट, पाय घसरू नये म्हणून. शिपाई नत्थुजी म्हणे, "भाऊ, एप्रिलात तवा होईन ना हा." त्याला प्रसरण समजावलं. दर तीन मीटरला चार मिलिमीटर फट सोडली आहे. तर म्हणे, "फट सोडली ते बेस केलं. पन पाय कुठी ठेवाचा?"
अडाणी माणसाच्या नादी लागत नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळची शाळा सुरू
६.४० ला चाचणी. आचलला खाली उभं केलं. कॅलिपरचा गुडघा लॉक असतो, त्यामुळे चढावर टाच नीट टेकत नाही. रेलिंग तिच्या खांद्याला. चौथ्या मीटरला थांबली. "बाबा, मले भेव लागते. पाय मांगं येते."
म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे.
"मले पायऱ्याच बऱ्या."
पायऱ्या! पायऱ्या ही जन्मात कधी चढली? हट्टीपणा आईकडून आला आहे.
शेवटी कडेवर घेऊन रॅम्पवरूनच नेलं. म्हणजे रॅम्पचा वापर आजपासून सुरू.

१० मार्च
काल कुणीतरी पायऱ्यांना पाइपाचं रेलिंग लावून ठेवलं. मतदान केंद्रासाठी असावं. काम खुशालरावाचं, वेल्डच्या गाठी फाटकातून ओळखल्या. आणि उंची ५८ सेंमी! एवढ्या बुटक्या मतदारासाठी?
फोन करून पोटभर हसलो. "हव देवमनभाऊ, आपल्यापाशी कुठी तुमच्यासारखं डोकं," म्हणाला. वीस वर्षांत प्रथमच चूक कबूल केली. मन मोठं आहे त्याचं.

२१ मार्च
उद्घाटन शनिवारी २९ ला, पालकसभेत. आचल फीत कापणार आणि एकटी चढून जाणार. रोज एक मीटरची तालीम ठरवली होती. झाली नाही. दुकानात गर्दी. पण ऐन वेळी माणूस चढतोच.
तिला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या दिवशी मले कोणी उचलनार नाही ना? तुमीबी नाही?"
नाही म्हटलं.
"लेहून द्या."
दिलं. सही, तारीख, वेळ. माझ्यावर गेली आहे पोरगी.
भाषण तयार. चौदा मिनिटं.

२९ मार्च. दुपारी २
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
मी माइक घेऊन रॅम्पच्या वरच्या टोकाला. आचलनं फीत कापली. कात्री नत्थुजीकडे दिली. आणि वळली पायऱ्यांकडे.
डावा हात त्या बुटक्या पाइपावर, उजव्या हातात काठी. आधी चांगला पाय, मग कॅलिपरचा. दुसऱ्या पायरीवर ती डुलली आणि मी माइक टाकून धावलो. तिनं काठी काखेत धरली, फ्रॉकच्या खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माझीच सही. मी थांबलो. काय करणार? लिहून दिलं होतं.
पाच पायऱ्या, ५२ सेकंद. पोरं आचल, आचल ओरडत होती. पार्सल कुणी म्हटलं नाही.
पालकांत एक अनोळखी बाई डोळे पुसत होत्या. शेजारी आरती, तिनं ओळख करून दिली. त्याच डॉक्टरीणबाई! सात शनिवार आचल मावशीकडे नव्हती, यांच्या जिन्यावर होती. मॅडमना ठाऊक. नत्थुजीला ठाऊक. खुशालरावाला तर पाइपाचं काम रागिणीनंच दिलं. अख्ख्या शाळेत ठाऊक नसलेला एक मी.
रागिणीला विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणे, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी तक्ता केला असता."
भाषण झालं नाही. ऐकायला कुणी नव्हतं, सगळे आचलभोवती होते.

३० मार्च, पाडवा
कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. खुशालराव साखरगाठी घेऊन आला. घरातल्या गद्दारांनी त्याला चहा दिला. शेवटी मीच बोललो. ५८ हा आकडा कोणत्या पुस्तकातला?
"पुस्तक कायचं देवमनभाऊ? पोरीले पायरीवर उभं केलं, हात ठेव म्हटलं, खडूनं रेघ मारली."
तो गेल्यावर मापाची वही काढली. जोतं तीन वेळा. अंगण दोनदा. फाटकसुद्धा आहे. आचलचं माप सगळी पानं उलटूनही सापडलं नाही. एखादं पान फाटलं असावं.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १
सध्या फाटकाबाहेरच थांबतो. तसं आचलकडून मला बजावण्यात आलं आहे. ती वर जाऊन हात करते. कधी विसरते.
रॅम्पवर खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मूगवड्या वाळत घातल्या आहेत. एका दिवसात कडक होतात म्हणे. प्लेटच्या जाडीमुळे, हे मी त्यांना समजावलं.
काल आचलच्या तळहातावर ओरखडा दिसला. विचारलं, पाइप कुठे टोचतो?
"तिसऱ्या पायरीपाशी, खालच्या अंगानं."
आज शाळा सुटून सगळे गेल्यावर ग्राइंडर घेऊन गेलो. खुशालरावाच्या गाठी घासल्या. उंचीला हात लावला नाही. अंगठा फिरवून पाहिला. टोचत नाही.
म्हणजे, माझ्या अंगठ्याला. उद्या तिला विचारतो.