गौरांगच्या कॅमेऱ्याचं कपाळ

अमरावती

ती. गोदाताई,

धाकट्या कौशल्याचा तुझ्या पायांवर नमस्कार, भाऊजींनाही सांग. गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवली आहे? इकडे अंबामातेच्या कृपेनं सगळे बरे आहेत, आणि कालपासून तुझ्या गौरांगचा कॅमेराही बरा आहे. (तो आजारी होता हे तुला माहीत नव्हतं, म्हणून तर लिहिते.)

गौरांग पुण्याला नोकरीवर जाताना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेला, तेव्हा तू म्हणाली होतीस, जीव गेला तरी चालेल पण काच सांभाळ. (कोणाचा जीव, ते बोलली नाहीस.) तेव्हापासून दर रविवारी मी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळाबरोबर तळ्यावर जाते. शिकवणारी प्रणाली माझ्या लेकीच्या वयाची, पण मी मॅडमच म्हणते. विद्या देणाऱ्याचं वय पाहू नये. बाकीचे एका बगळ्याचे दीडशे फोटो काढतात. माझा हात आखडता, बटण झिजेल म्हणून मी तीनच काढते. पण तीनच काढायचे म्हटले की त्या बगळ्याकडे नीट पाहत बसावं लागतं. उडण्याआधी तो मान कशी आत ओढतो, हे आता मला कळतं. प्रणालीनं आता सगळ्यांनाच तीनचा नियम लावला आहे. (मंडळी माझ्यावर जरा नाराज आहेत.)

तर दसऱ्याला मी ह्यांच्या स्कूटरची, शिलाई मशीनची, विळीची पूजा केली. मग कॅमेऱ्याला कसं वगळणार? पण कुंकू लावायचं कुठं? मशीनला कपाळ दिसतं. कॅमेरा चहूबाजूंनी फिरवून पाहिला, तर नुसता एक मोठा डोळा. शेवटी हळद आणि ओलं कुंकू तिथंच लावलं, मधोमध, ठसठशीत. संध्याकाळी पदरानं पुसून काढलं. (काढलं असं मला वाटलं.)

काल तळ्यावरून आल्यावर प्रणालीच्या घरी मोठ्या पडद्यावर फोटो पाहायला बसलो. सगळ्यांचे बगळे पांढरे, माझा गुलाबी धुक्यात. एक बाई वा वा करून, काय सुंदर पहाट, म्हणाल्या. पण आमचे नत्थुजी (नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहेत, रात्रपाळी करून थेट तळ्यावर येतात) म्हणाले, "काकू, तुमच्या कॅमेऱ्याले मोतीबिंदू झाला वाटते. पडला का काय?" ताई, पडद्यावर मला बगळा दिसेना, तुझा चेहरा दिसायला लागला. मनातल्या मनात देवीला खण-नारळ बोलून टाकला.

प्रणालीनं काच खिडकीपाशी धरली, कडेला बोट लावून वास घेतला आणि विचारलं, "काकू, याचं हळदीकुंकू केलं का हो?" सगळे पोट धरून हसले आणि मी रडले. मग तिनं कसलासा फुगा दाबून हवा मारली, ब्रश फिरवला, औषध लावून मऊ फडक्यानं हळूहळू पुसलं. तेवढा वेळ सगळी मंडळी बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावी तशी ताटकळत. काच लख्ख निघाली, एक ओरखडा नाही! नत्थुजी हळूच म्हणाले, "मी बी लावतो काकू, पण पट्ट्याले." (हे आधी सांगायला काय झालं होतं?) आज पहाटे पुन्हा तळ्यावर गेले. बगळ्यानं मान आत ओढली, मी एकदाच बटण दाबलं. पीस न् पीस मोजून घ्यावं असा फोटो आला आहे. आज पोटभर जेवले.

तुझी हलकी झालेली बहीण,
कौशल्या

ता. क. मंडळाचं प्रदर्शन त्रिपुरी पौर्णिमेला आहे आणि त्यात माझा हा बगळा घेतला आहे. दिवाळीला गौरांगनं कॅमेरा मागितला तर तेवढे दिवस थांबव. तुझं तो ऐकतो.

आणखी ता. क. फोनवर बोलताना त्याला सहज विचार, की एखाद्याच्या कॅमेऱ्यात, कार्ड घालतात त्या फटीत, पूजेच्या अक्षतांचा दाणा गेला तर कसा काढतात. फोटो नीट येतात, नुसतं हलवलं की वाजतं. माझं नाव घेऊ नकोस. फारच खोदून विचारलं तर एवढंच सांग, की तांदूळ निवडून घेतलेला होता, कणी नव्हती.