जाणारं हरीण

रविवार, संध्याकाळ

उद्या आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, दिसणाऱ्या एकुलत्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याआधी त्यांना हरीण बघायचं होतं. सुप्याजवळच्या ज्या माळावर ते तरुणपणी चोरून शिकार करायचे, तिथं माझ्या स्वस्तातल्या बॅटरीच्या गाडीवरून नेलं. गाडी आवाज करत नाही, फक्त स्टँड लावला की पीं पीं करते. त्या पीं पींची वायर मी सकाळीच काढली, तीनदा तपासली.

हरीण वीस पावलांवर चरत होतं. आणि आजोबांनीच शीळ घातली! हरणानं मान वर केली, मग उधळलं.

"तात्या, अवो हे काय केलं?"

"शीळ ऐकली की थांबायचं, तवाच मी बार काढायचो. आज त्याला जाताना बघायचं हुतं."

"दिसलं का?"

"झाडाआड जाईस्तोवर दिसलं."

वायर अजून जोडलेली नाही. उद्या त्यांना दवाखान्यात तशाच गाडीवरून नेईन.