डाव्या हिरडीला न्याय

३ मार्च
सूनबाईच्या डेंटल कॉलेजात गेलो. तिचं संशोधन चाललंय. हिरड्या सुजल्या की आतलं हाड झिजतं, ते एका जेलने थांबतं का, असं. पेशंट कमी पडले म्हणून सासरा. माझे खालचे दोन दात हलतात, एक डावा, एक उजवा. जेल फक्त उजव्या हिरडीला लावायचं, डावी तशीच ठेवायची. मग दोन्हींत फरक किती ते बघणार. का, ते तिने बराच वेळ सांगितलं. मी मान हलवली. बस निघायला आली होती.

५ मार्च
जेल लावलं. चव पुदिन्यासारखी. ही म्हणाली, सांगितलंय तेवढंच करा, आपली अक्कल घालू नका. मी कधी घालतो?

११ मार्च
टोस्ट चावताना डावीकडून कळ. विचार केला. जन्मभर सुतारकाम केलं. टेबलाच्या दोन पायांना पॉलिश आणि दोन कोरडे ठेवले असते तर गिऱ्हाइकाने टेबल अंगावर फेकलं असतं. शिकलेल्यांचं हे असंच, अर्धवट काम. आजपासून दोन्हीकडे लावणार. सूनबाईला आत्ताच सांगायचं नाही, एकदम रिझल्ट दाखवायचा. तिची डिग्री पक्की.

२ एप्रिल
ट्यूब संपली. सूनबाई म्हणाली, इतक्यात? मी म्हटलं, हल्ली कंपन्या हवाच भरतात.

४ एप्रिल
तपासणी. बाहेर बाकावर बाकीचे पेशंट. सगळे डाव्या बाजूच्या नावाने रडत होते. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही. टेबलाचं उदाहरण दिलं. लगेच पटलं सगळ्यांना. एक टेलरबाई म्हणाल्या, एकच बाही लावून ब्लाउज कोण देतं? हुशार बाई.

६ मे
सूनबाई खुशीत. सगळ्यांच्या ट्यूबा लवकर संपतात, पेशंट मन लावून वापरतात म्हणे. तिचे सर पहिल्यांदा बरं बोलले. मी गालातल्या गालात हसलो. श्रेय मागायचं नाही, असा निश्चय.

९ जून
शेवटचे एक्स-रे झाले. माझे दोन्ही दात घट्ट. पेढे सांगून ठेवावेत का?

१२ जून
सूनबाई जेवली नाही. एक्स-रेत सगळ्यांची डावी-उजवी सारखीच. सर म्हणाले, लावलं काय न लावलं काय, फरक शून्य, म्हणजे जेल कुचकामी. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. म्हटलं, आता सांगून टाकावं, पोरीचा जीव भांड्यात पडेल. टेबल, बाक, टेलरबाई, सगळं सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा, डावी बाजू कोरडी ठेवणं, एवढंच तर तुमचं काम होतं."
मुलगा ताटावरून उठला. ही बोलली. ते लिहीत नाही.

१३ जून
चूक कोणाची? नीट समजावून सांगायला हवं होतं. तेही बसची वेळ बघून.

२७ जून
सूनबाई नव्याने पेशंट शोधतेय. सगळं पहिल्यापासून. मी माझं नाव दिलं. चालत नाही म्हणे. बाकावर बसायलाही बंदी.

३० जून
चहाबरोबर कडक टोस्ट घेतला. मुद्दाम डावीकडून तोडला. कट्ट. दात जागचा हलला नाही. जेल एक नंबर आहे, पण सांगणार कोणाला? सूनबाई समोरच बसून पेशंटना फोन लावत होती. तिने वर बघितलं नाही.
दुसरा टोस्ट चहात बुडवून खाल्ला.