देवाच्या रंगाचं पाणी

आत्याबाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. आवाज चटकन आठवतो. बार्शीहून तुमची सून होऊन मी सोलापुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात तो माझ्यावर कडाडला. आपलं घर गणपती घडवणाऱ्यांचं. मामंजी पितांबर रंगवण्यासाठी खलात हरताळाचा खडा घोटायचे. सोन्याला लाजवील असा पिवळा रंग. तो खल धुऊन मी पाणी अंगणात ओतलं, तर तुम्ही स्वयंपाकघरातून धावत आलात. ‘‘देवाचा रंग हाय त्यो. पायदळी तुडवायचा व्हय? हिरीत सोड की.’’ घराची रीतच ती. मामंजींच्या वडिलांपासून देवाच्या रंगाचं पाणी अंगणातल्या विहिरीत जायचं, आणि त्याच विहिरीचं पाणी आपण प्यायचो. मीही मुकाट्यानं ओतू लागले. पुण्यही तिथंच आणि पाणीही तिथंच, असा आपला कारभार.

मग तुमची नात झाली. अंगावरचं सुटून ती वरचं पाणी पिऊ लागली आणि तिला ओकाऱ्या, हगवण सुरू झाली. बार्शीला नेलं की तिचे गाल भरायचे, परत आणलं की पुन्हा पाप्याचं पितर. सुनेला सासर सोसत नाही, अशी गल्लीत कुजबुज. मामंजींचे तळहात तर केव्हापासून खडबडीत झालेले, छातीवर काळेपांढरे ठिपके. ते त्यांना कामाचे घट्टे म्हणायचे. छातीनं कसलं काम करता, हे विचारायची माझी काय बिशाद! शेवटी पोरीला माझ्या आईकडेच कायमची ठेवायची असं ठरलं. तिथं जगेल तरी. मी तिचं गाठोडं बांधतेय, डोळ्यांचं पाणी खळत नाही, आणि तुम्ही चुलीपुढं भाकरी थापताय. थापता थापता हात थांबतो. ‘‘बार्शीत काय येगळं हाय गं? दूध तसंच, भाकर तशीच.’’ मी काही विचार न करता म्हणाले, ‘‘पाणी.’’ तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि तव्यावरची भाकरी करपली. तुमच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढीच पाहिली.

गाठोडं तसंच राहिलं. पोरीला काखेत घेऊन आणि मामंजींना जवळजवळ ओढत तुम्ही इस्पितळ गाठलंत. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, पण त्यांची नजर मामंजींच्या तळहातांवर खिळली. घरात सोमलाचं विष कुठं वापरता, असं त्यांनी विचारलं. ‘‘आमच्यात कशाला आसंल सोमल?’’ मामंजी भडकले. मग डॉक्टरांनी धंदा विचारला, आणि हरताळ हा शब्द ऐकताच लेखणी खाली ठेवली. सोमल आणि हरताळ एकाच रक्ताची भावंडं, म्हणाले. उकळून प्यायलं तर चालेल का, मी भीत भीत विचारलं. ‘‘उकळून सोमल जात नाही, बाई.’’ विहिरीचं पाणी बाटलीत भरून त्यांनी तपासायला पाठवलं. काही दिवसांनी त्यांनी आपल्याला बोलावून सांगितलं, पाण्यात सोमलच आहे.

मामंजी मात्र हटून बसले. देवाच्या रंगात विष असेलच कसं? पितांबर फिका पडला तर गिऱ्हाईक फिरकेल का? आणि सोलापुरात, वैशाखातही पाणी असलेली विहीर टाकायची म्हणजे घरातली लक्ष्मी हाकलायची. त्यापेक्षा पोर बार्शीला धाडा. तुम्ही पदर खोचलात, रहाटाचा दोर उतरवून खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, ‘‘पोर न्हाय जाणार. हीर जाईल.’’ विहीर बुजवणं म्हणजे महापाप, असं भटजींनी बजावलं. ‘‘मग माझ्या नावावर मांडा की,’’ तुम्ही म्हणालात. बुजवायच्या दिवशी तुम्ही तिची खणानारळानं ओटी भरलीत, काठावर हात ठेवून ‘‘लई पाजलंस बाई, आता नीज,’’ म्हणालात, आणि मातीची पहिली पाटी स्वतः ओतलीत. मला तुमचा तेव्हा इतका अभिमान वाटला, की रडू कुठं संपलं आणि हसू कुठं आलं ते कळलंच नाही.

पुढं आपण सासवा-सुना नाक्यावरच्या नळाला रांगेत उभ्या राहू लागलो. तिथल्या भांडणांत तुम्ही कधी हरला नाहीत, हे वेगळं सांगायला नको. हरताळाची पुडी तुम्ही घराबाहेर घालवलीत आणि पिवळ्या मातीत डिंक कालवून स्वतः पितांबर रंगवलात. मामंजी तोंड फिरवून बसलेले. पहिलंच गिऱ्हाईक कुरकुरलं, ‘‘पितांबर मळका दिसतुया, मावशी.’’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘‘देव लांबनं चालत आलाय. धूळ बसायचीच की.’’ गिऱ्हाईक हसलं आणि मूर्ती घेऊन गेलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ओसरी रिकामी झाली. आणि त्या रिकाम्या ओसरीवर आपली पोर थप थप पावलं वाजवत धावत सुटली. गाल हे एवढे. मामंजी तिच्यामागं ‘‘आगं पडशील’’ म्हणत पळत होते, आणि तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होतात. जिंकलो आपण, आत्याबाई. धडधडीत जिंकलो.

तुमची ती नात काल पणजी झाली. बाळाला बघताना तिनं सगळ्यांना बाजूला सारून जो हुकूम सोडला, तो ऐकून मी दचकलेच; हुबेहूब तुमचा आवाज. म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलं असतं तरी हे पत्र टाकायचं कुठं? आणि दुसऱ्या कुणी ते वाचून दाखवावं, असं मला वाटत नाही, कारण एक गोष्ट मी अजून कुणापाशी बोललेली नाही. माझी आई गेली तेव्हा मी पुष्कळ रडले. पण माझं माहेर संपलं ते तुम्ही गेलात त्या दिवशी.