सत्तर अंश कमी

प्रिय बाईसाहेब,

लेकीला आणि नातीला आशीर्वाद. तुला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून आधी खांद्याचं लिहितो. हो, खांद्याचंच. माझ्या. उजव्या. एकदा मनसोक्त हसून घे आणि मग पुढे वाच.

तीन महिने झाले. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग शर्टाची बाही चढेना, साबण पाठीपर्यंत पोहोचेना. आता वर्गात हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात भूमिती शिकवतो. मागच्या बाकांवरच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात, प्रमेय दिसत नाही. पोरांनी माझं नाव 'अर्धा फळा' ठेवलंय. एकतीस वर्षं घसा फोडून शिकवलं त्याचं हे फळ! काल मुख्याध्यापिकाबाईंनी फार गोड आवाजात विचारलं, की वरचे वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ या का. मी नाही म्हणालो आणि रागाच्या भरात दार ओढायला गेलो, ते उजव्याच हातानं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

डॉक्टर तीन झाले आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. पहिला म्हणतो, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या, काही आठवड्यांत दुखणं उतरेल, पण तुमची साखर थोडे दिवस चढेल. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणतात, त्याच्याबरोबर सलाईनचं पाणीही दाबून भरू, म्हणजे सांध्याभोवतीचं आखडलेलं आवरण ताणलं जाईल; भरताना कळ मात्र सोसावी लागेल. तिसरा माझंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळा भाग मलाच टोचायला निघालाय. म्हटलं बसून तक्ता करू. कळ किती, हात किती उघडतो, गुण किती दिवस टिकतो, असे रकाने पाडले. एकही रकाना धड भरेना, कारण जो तो म्हणतो, ते माणसामाणसावर असतं. गणिताच्या मास्तराला असलं उत्तर! वर तिघांचं एका गोष्टीवर एकमत, की वर्षभरानं पाहिलं तर फारसा फरक उरत नाही. अरे, मग आत्ता मी काय करू? रात्री कुशीवर वळता येत नाही, त्याचं काय? तक्ता फाडून टाकला. तोही डाव्या हातानं, त्यामुळे वाकडाच फाटला.

आणि मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का. मी ऐटीत सांगितलं, बायकोला होता, चाळीस आठवड्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग त्यांना कोणतं इंजेक्शन दिलं होतं आणि त्यानं किती फरक पडला? मला माहीतच नव्हतं. दर रविवारी शाळेतला मोठा लाकडी कोनमापक आणून मी तुला भिंतीशी उभी करून वर उचललेल्या हाताचा कोन मोजत होतो, आकडा स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहीत होतो, आणि कमी भरला की व्यायाम बुडवलास म्हणून तुझी खरडपट्टी काढत होतो. पण सुई टोचून घ्यायला तू एकटी गेलीस आणि एकटीच बसनं परत आलीस. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. आल्यावर तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं काय, तर आता किती वर जातो.

तो कागद अजून दारावरच आहे. शेवटचा आकडा एकशे दहा. त्या रविवारी तू आंघोळ करून बाहेर आलीस ती स्वतःची वेणी स्वतः घालून. वर्षभरानं पहिल्यांदा. पाठमोरी उभी राहून मला वेणी दाखवलीस. मी कोनमापक लावला आणि म्हणालो, एकशेऐंशीला अजून सत्तर कमी. दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेलीस, त्याला आता सात महिने होतील. लोकांना मी सांगतो, नात लहान आहे. नात शाळेत जायला लागली गं.

इंजेक्शनचं नाव फोनवरही विचारता आलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. परवा डॉक्टरबाईंकडे सलाईनचं ठरवून आलो. त्यांनी बजावलंय, टोचण्याआधी कोन मोजून आणा आणि नंतर दर आठवड्याला मोजा. काल घरी बसून तासभर प्रयत्न केला. डाव्या हातात कोनमापक धरला की उजवा हलतो, उजवा स्थिर ठेवला की कोनमापक घसरतो. बाजूचे शिंपीकाका येतो म्हणाले, मी नको म्हटलं. शाबास म्हणायचं राहून गेलं तुला, ते आता म्हणतो. वेणी सुरेख झाली होती. येत्या शुक्रवारी सकाळी दहाला सुई आहे. तू आलीस तर गुरुवारी मी भिंतीशी उभा राहीन, कोनमापक तू धर. आणि आकडा आला, की अजून किती कमी ते तू सांग.

तुझाच,
अर्धा फळा